जांभळी अस्वलीचं पायाभूत वर्ष

एका जंगलात, बाळांनो, आधी कमान बांधली. मग कमानीवर 'विद्यापीठ' असं रंगवलं. आणि मग आत काय ठेवायचं यावर बैठक बसली.

बैठकीत इंग्रजी साहित्य ठेवायचं ठरलं, कारण ते आयतं होतं. पूर्वी तिथं गोरे साहेब शिकारीला यायचे. ते गेले, पण डाकबंगल्यात त्यांचं एक पुस्तक राहिलं. याच साहेबांनी वाघोबाच्या आजोबांना गोळी घातली होती. तरी वाघोबा म्हणाले, "माणसं वाईट असतील, पण भाषा काय गोड हो त्यांची!" आजोबांचं मत कुणी विचारलं नाही.

बगळेसर विभागप्रमुख झाले. मान लांब, रंग गोरा, आणि एका पायावर तासन्‌तास उभं राहायची सवय. प्राध्यापकाला आणखी काय लागतं?

उद्घाटनाला सरांनी पुस्तकातली गोष्ट वाचली. एका थंड मुलखातल्या पोरीचं वासरू हरवतं. ती बर्फातून त्याला शोधायला निघते. वाटेत गोठलेली नदी लागते. पोर नदीच्या मधोमध येते, आणि पायाखालचा बर्फ वाजतो, कडाड्!

सरांनी पुस्तक मिटलं.

"अहो सर, पुढं काय झालं?" जांभळी ओरडली. जांभळी म्हणजे अस्वलाची लेक. शेजारी तिची आई बसली होती. आईच्या हातातली मोहाची फुलं तोंडाशीच थांबली होती.

"पुढचं पदवीला," सर म्हणाले.

"मग मी पदवी घेते!"

"आधी पायाभूत वर्ष. थेट साहित्य झेपायचं नाही तुम्हाला."

घरी जाताना आई म्हणाली, "जा गं बाई, शीक. त्या पोरीचं काय झालं ते कळल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही."

आता तुम्ही म्हणाल, पायाभूत वर्षात पुस्तक शिकवत असतील. अरे खुळ्यांनो! पुस्तक कसलं? इंग्रजी साहित्यात जिकडेतिकडे बर्फ. ज्याला थंडी वाजत नाही त्याला ते कळणार कसं? म्हणून वर्षभर एकच विषय होता. कुडकुडणे. लेखी आणि तोंडी.

बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं. वर्गात एक साळू होती. ती कुडकुडली की तिचे काटे खळाखळा वाजायचे. सर डोळे मिटून म्हणायचे, "वा, काय हा गारठा!" जांभळी मात्र आपल्या केसाळ अंगात शिजत होती.

"जांभळी, कुडकुड!"

"उकडतंय हो, सर."

"उकडतंय हा तुझा पूर्वग्रह आहे. शून्य!"

आणखी एक नियम होता. 'पुढं काय झालं' असं विचारायचं नाही. तो अडाण्यांचा प्रश्न. 'कडाड् म्हणजे काय' असं विचारायचं. मग सर सांगत, "कडाड् म्हणजे मृत्यू." पाय बदलला की म्हणत, "कडाड् म्हणजे संस्कृतीचा अंत." मुलं माना डोलवत.

संध्याकाळी आई विचारायची, "वाचली का गं पोर?"

"अजून नदीवरच उभी आहे, आई."

"अगं बाई! अजून? गारठून गेली असेल की गं!"

परीक्षा आली. साळू इतकी कुडकुडली, इतकी कुडकुडली, की तिचा एक काटा सुटला आणि सरांच्या बुडात रुतला. सर टुणकन उडाले, पण चेहरा गंभीरच ठेवला. जांभळीला हसू आवरेना. तिनं तोंड घट्ट दाबून धरलं, तसं तिचं सगळं अंग गदागदा हलायला लागलं.

"शाब्बास!" सर म्हणाले. "ही खरी थंडी!" जांभळी पहिल्या वर्गात पास झाली.

पदवीच्या पहिल्याच तासाला तिनं हात वर केला. "आता सांगा, सर."

"पुढचं संशोधनाला," सर म्हणाले.

जांभळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुस्तक काचेच्या कपाटात असायचं. बाहेर निघायचं ते फक्त दसऱ्याला, पूजेसाठी. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. त्या दिवशी पुस्तक वाचायचं नसतं, नुसता नमस्कार करायचा असतो. म्हणजे बघा, हाताला लागणार त्याच दिवशी वाचायला बंदी!

दसऱ्याला जांभळीची आई सोडून सगळं जंगल रांगेत उभं होतं. जांभळीचा नंबर आला. तिनं नमस्कार केला आणि पुस्तक उघडलं. पुढची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. कुणी कधी ती सुटी केलीच नव्हती! तिनं नख घातलं, सर्रकन ओढलं, आणि मोठ्यांदा वाचायला लागली.

"बर्फ फुटला. पोर खाली गेली. आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. नदी तेवढीच खोल होती. पलीकडून वासरू हंबरत आलं आणि त्यानं पोरीचं नाक चाटलं."

"वाचली! पोर वाचली!" एकच गलका झाला. माकडांनी झेंडू उधळले. वाघोबा चक्क रडले. बगळेसर तर दोन्ही पाय टेकून नाचले.

नाचता नाचता ते थांबले. मृत्यू, संस्कृतीचा अंत, उभ्या जन्माचं संशोधन गुडघाभर पाण्यात बुडालं होतं.

त्यांनी जांभळीला बाजूला घेतलं. "हे बघ, 'हे मी माझ्या मनानं रचलं' असं तू सगळ्यांना सांग. पदवी आजच्या आज देतो. नाहीतर परत पायाभूत वर्ष."

जांभळीला पदवी हवी होती बरं का. टोपी घालून त्या कमानीखालून मिरवायचं तिनं कधीचं ठरवलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"सर, आई घरी वाट बघतेय. तिला काय सांगू? पोर अजून नदीवरच आहे?"

आणि ती पळत सुटली. आईनं सगळं ऐकलं आणि हसत हसत खालीच बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "नाक चाटलं? खरंच नाक चाटलं? परत सांग." जांभळीनं परत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जांभळीला पायाभूत वर्षात पाठवलं. आणि विद्यापीठानं अभ्यासक्रम सुधारला. आता दर वर्षीच्या उद्घाटनाला सर एवढंच वाचतात, "एक पोर होती." आणि पुस्तक मिटतात. संशोधनाला पुष्कळ वाव आहे म्हणे.

तात्पर्य: बाळांनो, पुस्तकाची पूजा जरूर करावी, पण ते शेवटपर्यंत वाचू नये. पाया कच्चा राहतो.