टिटवीतली भीती काढली त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, पहारा होता पण पगार नव्हता. बिबट्या दिसला की चंद्री टिटवीने ओरडायचं आणि भानूतात्या चितळाने खूर आपटायचा. बाकीच्यांनी पळायचं. व्यवहार साधा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मग फटिंगराव कोल्हे शहरातून शिकून आले. काय शिकले? आवाज बनवायला. एक यंत्र, दोन स्पीकर आणि गळ्यात माईक.

"काकू, जरा ओरडा बघू," ते चंद्रीला म्हणाले.

"का रे, बिबट्या कुठंय?"

"बिबट्या नकोय. नुसता आवाज द्या. मी त्याची धून करतो."

चंद्री भोळी. ओरडली. फटिंगरावांनी तो आवाज यंत्रात घेतला, चिरला, ताणला, वर घुमारा चढवला. मग कान लावून म्हणाले, "यात भीती फार आहे, काकू. ती काढावी लागेल. भीतीला गिऱ्हाईक नाही."

तात्यांचा खूर तर त्यांना अगदीच किरकोळ वाटला. त्याखाली त्यांनी पडत्या फणसाचा धप्प आवाज जोडला आणि आठवडाभर बटणं पिळून त्याचा ढोल केला. आमच्या बाजारात एक अत्तरवाला होता. गुलाबाच्या बाटलीत गुलाब सोडून सगळं घालायचा. खप जोरात!

चंद्रीने धून ऐकली. तिला ओळखच पटेना.

"हा माझा आवाज?"

"तुमचाच. फक्त तुम्ही त्यात नाही."

गाणं तुफान गाजलं. पाणवठ्यावर रोज नाच सुरू झाला. मागे घाणेरीच्या झुडपाजवळ यंत्र मांडलेलं, पुढे सगळं जंगल घुमतंय.

एके दिवशी भर दुपारी त्या झुडपात पिवळं काहीतरी हललं. झुडपाला लागूनच तात्यांची नात नाचत होती. चंद्री जिवाच्या आकांताने ओरडली. तात्यांनी खूर आपटला.

सगळ्यांनी ताल धरला.

"वा, आज लाइव्ह!" रानडुक्कर चीत्कारलं.

"पण काकू बेसूर लागतायत हं," माकडीण नाक मुरडून म्हणाली. "अन् तात्यांच्या ठोक्याला वजनच नाही. गाण्यातला कसा खरा वाटतो!"

बिबट्या दोन पावलं पुढे आला. त्याची शेपटीसुद्धा तालात हलत होती. ओरडून ओरडून चंद्रीचा घसा बसला. शेवटी ती यंत्रावर झेपावली आणि चोचीने वायर उपसली.

गाणं बंद.

"कोण ती अवदसा?" म्हणत सगळं जंगल खवळून मागे वळलं. बघतात तो बिबट्या! गुरगुरला आणि क्षणात पाणवठा रिकामा. तात्यांची नात सगळ्यांच्या पुढे.

फटिंगराव मात्र थांबले. आठवडाभर बटणं पिळून जे वजन साधलं नव्हतं, ते या एका गुरगुरण्यात होतं. त्यांनी वायर पुन्हा खोचली, माईक पुढे केला आणि अदबीने म्हणाले, "साहेब, जरा जवळून."

साहेब जवळ आले.

दुसऱ्या दिवशी जंगलाची पंचायत भरली. फटिंगरावांना श्रद्धांजली वाहिली गेली. ऐन रंगात गाणं बंद पाडल्याबद्दल चंद्रीला पाणवठ्यावर कायमची बंदी झाली. ठराव तात्यांच्या नातीने मांडला.

तात्पर्य: संकट आलं तर ओरडू नये, लोक ताल धरतात. चालू गाणं बंद पाडावं. मारायला का होईना, मागे वळून तरी बघतात.