चौकटीतले डबे

पुण्याची महिन्याची सुट्टी संपवून आम्ही दुबईच्या करामा भागातलं घर उघडलं, तर स्वयंपाकघरात शिरायला वाटच नव्हती. दाराच्या चौकटीत माझे डाळ-तांदळाचे डबे एकावर एक रचलेले, आणि सगळ्या गाद्या हॉलच्या मधोमध. चोर म्हणावा, तर तुळस टवटवीत. तेवढ्यात आमची किल्ली सांभाळणारे, समोरच्या फ्लॅटमधले मोघेकाका हसत आले. म्हणाले, “घाबरू नका वहिनी. भूकंपात चौकट शेवटपर्यंत टिकते.”

दुबईत भूकंप! हे खूळ ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरून आलं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथला ज्वालामुखी फुटला आणि अक्रोतिरी नावाचं अख्खं गाव राखेखाली गेलं. पण आधी भूकंपाने इशारा दिला होता. लोकांनी रांजण-भांडी चौकटींखाली सरकवली, खाटा बाहेर काढून रचल्या आणि गाव सोडलं. खणणाऱ्यांना सगळं तसंच सापडलं.

मोघेकाका एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. बायको नाही, मुलं नाहीत, सांतोरिनीला कधी पाय ठेवलेला नाही. पण त्या गावाचा नकाशा त्यांनी स्वतः काढून भिंतीवर लावला होता. “दुमजली-तिमजली घरं, वहिनी. घरात संडास, भिंतीतून मातीचे नळ! आणि आपल्या बिल्डिंगच्या वॉचमनला पाण्याचं विचारा, इन्शाल्ला म्हणतो.” राखेत लाकूड कुजून पोकळी उरते, तिच्यात प्लास्टर ओतलं की जुनं टेबल जसंच्या तसं निघतं, हे सांगताना त्यांचा चहा हमखास गार व्हायचा. शेवट ठरलेला. “गावात एकही सांगाडा सापडला नाही. म्हणजे माणसं सुटली.”

मी तोंडाची फटकळ, त्यांची भरपूर थट्टा करायचे. पण खरं सांगते, आमच्या बिल्डिंगमध्ये सेल आणि इन्क्रिमेंट यांच्या पलीकडचं बोलणारा हा एकच माणूस होता. सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाची किल्ली त्यांच्याकडे असायची. घेताना एकच ताकीद, “पोचलात की कळवा.” कळवतंय कोण! रोज ऑफिसातून येताना ते पोस्टातली आपली पेटी उघडून बघायचे. तुम्हाला लिहिणारं आहे तरी कोण, असं मी एकदा विचारलं. “आहे एक,” म्हणाले. मला वाटलं, काहीतरी भानगड दिसतेय म्हाताऱ्याची.

एका शुक्रवारी आमच्या मंडळात त्यांचं व्याख्यान ठेवलं. लोकांना वाटलं, टूर निघतेय. पडद्यावर तिथल्या भिंतींवर रंगवलेली निळी माकडं, केशर वेचणाऱ्या बायका, आणि मागच्या रांगेतून विचारणा, व्हिसा किती दिवसांत मिळतो, जेवण शाकाहारी मिळेल का. काकांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की डाळ मिळायची, रांजणात सापडली आहे.

शेवटी नेहमीचं ‘माणसं सुटली’ आलं, तशी माझी आठ वर्षांची मुक्ता उभी राहिली. “अंकल, हाउ डू यू नो दे रीच्ड?”

“माहीत नाही गं,” काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. व्याख्यान तिथेच संपलं.

चालत घरी येताना त्यांनी सांगितलं. नव्वद साली ते कुवेतमध्ये होते. इराकी सैन्य शिरलं, तेव्हा शेजारच्या अबू युसूफ नावाच्या म्हाताऱ्या पॅलेस्टिनी शिंप्याने त्यांना जॉर्डनच्या बसमध्ये बसवून दिलं. किल्ली स्वतःकडे घेतली, झाडांना पाणी घालीन म्हणाला. काकांनी त्याला शब्द दिला की पोचलो की कळवतो. घरी पोचले, तेव्हा कुवेतचे फोन बंद. पुढे युद्ध संपल्यावर कळलं, त्या बिल्डिंगमधले पॅलेस्टिनी निघून गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून दर वर्षी काका त्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकत होते, खाली आपल्या पेटीचा नंबर लिहून.

“एकही पत्र परत आलेलं नाही, वहिनी. म्हणजे...”

मला फार लाज वाटली. “म्हणजे कुणीतरी घेतलं,” मी कसंबसं म्हटलं.

पुढच्या जूनमध्ये किल्ली देताना त्यांनी नेहमीसारखं बजावलं. मी पुण्याला आईच्या घरात शिरले आणि चपला काढायच्या आधी फोनपाशी गेले. नवरा म्हणत होता, आधी पाणी तरी पी.

“काका, पोचलो.”



“बरं केलंत कळवलंत,” काका म्हणाले. “डबे चौकटीत ठेवलेत.”