दोन शहरांचं विरजण

ठमीला भरवता भरवता तिच्या आईनं एक वाक्य बोलून टाकलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यातून निघाला.

शेगडीजवळच्या फळीवर एक नवाच स्टीलचा डबा बघून सासूबाईंनी विचारलं होतं, "हे काय गं?" त्या वेळी निम्मा घास ठमीच्या गालात होता आणि निम्मा आईच्या बाहीवर. अशा वेळी माणूस खरं बोलतं, पण पूर्ण बोलत नाही.

"विरजण आहे, आई. उद्या कामावर न्यायचंय. राहू दे तिथंच, उबेला."

यात खोटं काहीच नव्हतं. नदीच्या अलीकडचं शहर आणि पलीकडचं शहर यांचं कधी म्हणजे कधी पटलं नव्हतं. मधल्या पुलावरचे अर्धे दिवे यांचे, अर्धे त्यांचे, म्हणून तो पूल आजवर एकदम उजळलेला कुणी पाहिला नव्हता. अशा या दोन शहरांनी मिळून काठावर विज्ञान उद्यान काढलं. अलीकडच्यांनी ओला कचरा द्यायचा, पलीकडच्यांनी टाकी आणि तीत सोडायचे जीवाणू द्यायचे, निघेल तो गॅस दोघांनी वाटून घ्यायचा. जीवाणूंच्या त्या काळ्या, दाट लगद्याला काय म्हणायचं यावर बैठकांमागून बैठका झाल्या. यांचा शब्द त्यांना उच्चारता येईना, त्यांचा शब्द यांना लिहिता येईना. शेवटी उद्यानात नोकरीला असलेली ठमीची आई कंटाळून म्हणाली, "विरजण म्हणा ना." दोन्ही शहरांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

दुसरी अजून झाली नव्हती. उद्यानातली ऊबपेटी बंद पडली होती आणि ती कुठल्या शहराच्या वायरमननं उघडायची हे ठरत नव्हतं. तोवर विरजण गार पडून मरायला नको, म्हणून ठमीची आई ते घरी घेऊन आली. तिला तिथं सगळे ठमीची आईच म्हणत. ठमी बैठकांना हजर असायची आणि बहुतेकांपेक्षा कमी रडायची.

पण बाकीचा वेळ ठमीला सांभाळणाऱ्या सासूबाई आता महिनाअखेर नणंदेकडे जाणार होत्या, आणि रांगणाऱ्या ठमीला बैठकीत डांबून ठेवणं कठीण झालं होतं. उद्यानाच्या संचालकांकडे तिनं पाळणाघरासाठी किती खेटे घातले असतील. संचालक म्हणाले, "टाकीवर एकदा ज्योत पेटू दे, वरची रिकामी खोली तुमची. नाही पेटली तर मलाच घरी बसायचंय, मी सांभाळीन ठमीला." त्यांना हा विनोद वाटला होता. तिला दिसत होती ती नोकरी सोडल्याची चिठ्ठी.

सकाळी ती डबा घेऊन उद्यानात पोचली. मांडव, खुर्च्या, दोन्ही शहरांचे झेंडे एका उंचीवर, त्यासाठी एक काठी कापावी लागली होती. अलीकडचे महापौर भाषणाला उभे राहिले. कुणीतरी लिहून दिलेलं त्यांनी मोठ्या आवाजात वाचलं, "आज आपल्या सर्वांच्या आनंदावर विरजण पडतंय, याचा मला अभिमान वाटतो." टाळ्या पडल्या. पलीकडच्या महापौरबाईंनी सर्वांत जोरात वाजवल्या.

मग ठमीच्या आईनं झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र, सुरी लावली तर वडी पडेल असं घट्ट दही होतं.

ज्यांनी ते जीवाणू वाढवले ते पलीकडचे डॉक्टर शेजारीच उभे होते. ते डब्यात बघत राहिले.

"माझं काळं होतं," ते हळूच म्हणाले.

"हो."

"हे पांढरं आहे."

"दिसतंय मला, डॉक्टर."

"अय्या, किती स्वच्छ आहे," महापौरबाई म्हणाल्या. "मला वाटलं वास मारेल." आणि दोन्ही महापौरांनी एका डावाला हात लावून अख्खं दही टाकीत सोडलं. फोटो काढणाऱ्यांनी परत करायला सांगितलं, पण डबा रिकामा झाला होता.

ठमीची आई मांडवामागे जाऊन फोनवर जवळजवळ कुजबुजली, "आई, डब्यातलं विरजण कुठंय?"

"तुझ्याकडेच की. लागलं का छान?"

"त्याच्या आधीचं."

"ते होय. अगं, नासलं होतं ते पार. झाकण काढलं तशी ठमीनं असं तोंड केलं म्हणतेस. चारचौघांत असलं न्यायचं? लोक म्हणतील, घरात कुणी मोठं माणूस आहे की नाही. मी डबा घासला, उकळत्या पाण्यानं धुतला, आणि घरचं होतं नव्हतं ते सगळं भरून दिलं."

"आणि नासलेलं कुठं टाकलंत? मोरीत?"

"मोरीत कशी टाकीन? ओल्या कचऱ्यात. नाहीतर तूच डोकं खाशील. आत्ता गाडी येऊन गेली बघ."

ठमीच्या आईच्या जिवात थोडा जीव आला. ओल्या कचऱ्याच्या गाड्या आजपासून इथंच यायच्या होत्या. तिनं डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दह्यानं एवढ्या टाकीचं काही बिघडत नाही," ते म्हणाले. "पण काही घडतही नाही. माझ्याकडे दुसरा घाणा नाही. तुमच्या गल्लीची गाडी कुठली?"

ती फाटकाबाहेर अडवलेली होती. कारण आत सजवलेली गाडी उभी होती आणि तिच्यात निवडलेला कचरा होता: ताजी पालेभाजी, सोललेली फळं, कोवळा मका. आरोग्य अधिकाऱ्यांनी सकाळी बाजारातून स्वतः आणला होता.

"मॅडम, ती गाडी आत येणार नाही," अधिकारी म्हणाले. "तिला घाण वास येतोय."

"कचऱ्याची आहे हो ती."

"म्हणूनच. पाहुणे बसलेत."

तेवढ्यात डॉक्टर, ज्यांनी आजवर कुठल्या बैठकीत आवाज चढवला नव्हता, ते वळून महापौरबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्या शहरात खरा कचरा नाहीच वाटतं. बाजारातून आणतात म्हणे."

"काय म्हणालात?" अलीकडचे महापौर खुर्चीतून उठलेच. "आमच्याकडे कचरा नाही? अहो, आमच्याइतका कचरा तुम्ही जन्मात पाहिला नसेल. उघडा ते फाटक."

फाटक उघडलं. गाडी आली, तिच्या आधी तिचा वास आला. पहिली रांग रुमालामागे गेली. महापौर मात्र छाती काढून उभे राहिले आणि ठमीच्या गल्लीचा अख्खा कचरा टाकीत जाईपर्यंत नाकाला हात लावला नाही. अब्रूचा प्रश्न होता. डॉक्टर घरंगळणाऱ्या प्रत्येक ढिगाकडे, शाळेच्या फाटकातून पोर आत जाताना बघावं तसे बघत होते.

पुढचे दिवस ठमीच्या आईला घास गोड लागला नाही. सासूबाईंनी बॅग भरायला घेतली होती. मग एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. ते नुसतं एवढंच म्हणाले, "या." ती ठमीला कडेवर घेऊन पळाली. नळीच्या टोकाला, वाऱ्यानं थरथरत, निळी ज्योत उभी होती. ठमीनं तिच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आणि संचालकांनी मुकाट्यानं वरच्या खोलीची किल्ली काढून दिली.

अहवालात यश 'दोन्ही शहरांच्या संयुक्त विरजणाला' देण्यात आलं. त्यातलं दही कुणाचं, हे ठमीच्या आईनं आणि डॉक्टरांनी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी तर तोंडी एवढंच म्हटलं, की गॅस अपेक्षेपेक्षा जरा बरा आलाय, आणि का ते त्यांना कळत नाही.

पाळणाघर सुरू झालं त्या सकाळी सासूबाई ठमीला तिथं सोडायला मुद्दाम आल्या. आदल्याच दिवशी त्या निघायच्या होत्या, बॅग भरून दाराशी होती, पण थांबल्या. खोली पाहिली, खिडकीची कडी ओढून पाहिली, गाद्यांवर हात फिरवला. मग खाली त्या भल्यामोठ्या टाकीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"यातच घातलंस का माझं विरजण?"

"हो, आई."

"लागलं?"

"छान लागलं."

"मग येताना वाटीभर घेऊन ये," सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "सगळं तुलाच दिलं होतं. घरात तेव्हापासून दही लागलेलं नाही."