पाठीमागची शर्यत

गावाच्या इतिहासात आंतरराष्ट्रीय मैदानावर पळणारा पहिला माणूस म्हणजे सोमनाथ तात्याबा गडदे, यात शंका घ्यायला जागा नाही. त्याच्याआधी गावातून जे जे पळाले, ते ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेऊन पळाले होते आणि त्यांची वेळ कुणी लावली नव्हती.

सोमनाथ चारशे मीटर पळायचा. म्हणजे मैदानाला एक फेरी. त्याच्या आईला, मुक्ताबाईला, हा खेळच पटलेला नव्हता. "इमानात बसून इतक्या लांब जायाचं, जीव तोडून पळायचं, अन् जिथून निघालं तिथंच येऊन थांबायचं," ती म्हणायची. "हे तर ह्यो माणूस रोज करतोय मेंढरांमागं."

ह्यो माणूस म्हणजे तात्याबा, सोमनाथचा बाप. तो यावर काही बोलत नसे. जन्मभर मेंढरांमागं चालून त्याच्या अंगात थकवा मुरला होता, आणि थकलेला माणूस वाद घालत नाही. त्याची इच्छा एकच होती, पोराला एकदा पळताना बघायचं. तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला सोमनाथ जिथं जिथं पळाला, तिथं तात्याबा नव्हता. मेंढरांना सुट्टी नसते.

आता पोरगं पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात पळणार होतं आणि धाकटी लेक रोहिणी ते मोबाइलवर दाखवणार होती. गोष्ट इतक्यावर भागली असती. पण रोहिणीनं ते स्टेटसला ठेवलं, आणि ते स्टेटस प्रविणनं बघितलं. प्रविण हा अमरसिंहदादांचा कार्यकर्ता. दादा हे त्या भागाचे पुढारी. प्रविण संध्याकाळीच मोटरसायकलवरून वस्तीवर हजर झाला.

"तात्या, मोबाइलवर कावून बघता? दादांनी एलईडीची गाडी सांगितलीय. सगळं गाव चौकात बघन."

"मी आपला घरीच बघतो की."

"तुमी बाप हाय त्याचे. तुमी इष्टेजवर."

शर्यतीच्या दिवशी चौकात भला मोठा पडदा लागला. पडद्याच्या पुढं स्टेज, स्टेजवर खुर्च्या. स्टेजवरच्या माणसांनी लोकांकडं तोंड करून बसायचं, हा नियम मराठवाड्यात कुणी लिहिलेला नाही आणि मोडलेलाही नाही. त्यामुळं पडदा नेमका तात्याबाच्या पाठीमागं आला.

"प्रविण, खुर्ची जरा फिरवून घेऊ का?"

"पब्लिककडं पाठ करता का, तात्या? सत्कारमूर्ती हाय तुमी. अन् मान हलवू नका, फेटा कच्चा बसलाय."

दादा कुठल्याही कार्यक्रमाला दोन तास उशिरा येतात. हे धरून प्रविणनं त्यांना दोनची वेळ सांगितली होती. त्यामुळं ते बरोबर चारला, तिकडं पळणारे रेषेवर वाकत असताना, स्टेजची पायरी चढले. तात्याबाला उभं करण्यात आलं. दादांनी शाल उघडली. पडदा आता दादांनाही दिसत नव्हता, पण त्यांना तो बघायचाही नव्हता.

सोमनाथला सगळ्यात बाहेरची पट्टी मिळाली होती. बाहेरची फेरी लांब पडते, म्हणून बाहेरच्याला तेवढंच पुढं उभं करतात. हे तिथल्या पंचांना माहीत होतं. गावाला माहीत नव्हतं.

"बे, आपलं पोरगं आधीच म्होरं हाय की," पुढच्या रांगेतला नाथा म्हणाला.

"दादांनी फोन केला आसंन," शेजारचा म्हणाला.

बंदूक उडाली. तात्याबा मागं वळायला गेला, तर दादांचा हात खांद्यावर पडला. "तात्या, इकडं बघा, कॅमेऱ्यात," फोटोवाला म्हणाला. तात्याबानं इकडं बघितलं. इकडं गाव होतं. गावाचे डोळे मोठे झाले, तोंडं उघडली, पुढची रांग उठली. पोरगं पुढं आहे, एवढं त्याला गावाच्या तोंडावरून कळलं. प्रविणनं हात वर केला. गुलाल उडाला, हलगी कडाडली आणि फटाक्यांची माळ पेटली.

गुलाल खाली बसायच्या आत माणसंही खाली बसली. तोंडं मिटली.

"गेलं बे मागं," नाथा म्हणाला.

तेवढ्यात चौकाच्या पलीकडून मुक्ताबाईचा आवाज आला. "अवं, मेंढरं गेली."

फटाक्याला बुजून मेंढरांनी वाघूर, म्हणजे त्यांच्याभोवतीचं जाळीचं कुंपण, मोडलं होतं आणि ती धारूरच्या घाटाकडं निघाली होती. शाल, फेटा आणि गुलालासकट तात्याबा त्यांच्यामागं पळाला. दिवस मावळताना सगळी गोळा करून तो जिथून निघाला होता तिथं परत आला. तोवर एलईडीची गाडी गेली होती.

शर्यतीचा व्हिडिओ गावात प्रत्येकानं काढला होता. रोहिणीनं चार-पाच जणांचे मागवून घेतले. प्रत्येकात तात्याबाचा फेटा आणि दादांचं पोट होतं, आणि दोन्हीच्या फटीतून एक बूट जाताना दिसत होता. तो सोमनाथचाच होता, असं खात्रीनं सांगता येत नव्हतं. हायलाईटमध्ये पहिले तिघंच दाखवले होते.

रात्री सोमनाथचा फोन आला. "आबा, बघितलं का?"

"बघितलं की."

"कसं वाटलं?"

तात्याबानं विचार केला. "लोकं उठली. मग बसली."

"पाचवा आलो. पण टायमिंगवर म्होरच्या फेरीत घेतलंय. उद्या पाचला परत हाय. उद्या नीट बघा, आबा."

दुसऱ्या दिवशी गावात कुणाला उत्साह नव्हता. म्होरं उभं करून ज्याला टिकता आलं नाही, त्याला काय बघायचं, असं गावाचं मत पडलं होतं. स्टेज नाही, दादा नाहीत. तात्याबाला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यानं मेंढरं लवकर आणली, तोंड धुतलं आणि दाराकडं पाठ करून बसला. रोहिणीनं मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. चुकायला नको म्हणून तिनं तो दोन वाजल्यापासून लावून ठेवला होता.

पडद्यावर सोमनाथ आला. कॅमेरा जवळ गेला तसे त्यानं हात जोडले.

"लई वाळलंय," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी हलू नका आता."

तात्याबा हलला नाही. पळणारे रेषेवर वाकले. मैदान गप झालं. आणि सोमनाथच्या जागी प्रविणचं नाव आलं. रोहिणी फोन कापायला गेली, पण घाईत बोट हिरव्यावर पडलं.

"तात्याला दे," प्रविण म्हणाला. "तात्या, फेटा कुठाय?"

"घरात हाय."

"त्यो भाड्याचा हाय. उद्या परळीला लग्नात लागतोय. गुलाल लागलाय का?"

"लागलाय जरासा."

"जरासा म्हंजी किती?"

"आबा, ठिवा की," रोहिणी कुजबुजली. तात्याबानं हातानं तिला थांब म्हटलं. मोठ्या माणसाच्या माणसाचा फोन आपण होऊन ठेवायचा नसतो, या शिस्तीत त्याचं आयुष्य गेलं होतं.

"धुवून देऊ का?"

"धुवू नका, रंग जातोय. नुसता झटका. शाल ऱ्हाऊ द्या, ती तुमचीच. अन् सोमाला सांगा, दादांनी शुभेच्छा दिल्यात. कधी हाय त्याची शर्यत?"

तात्याबा मोबाइलकडं बघत राहिला. "आता हाय," तो म्हणाला.

"मग बघा निवांत," म्हणून प्रविणनं फोन ठेवला.

पडद्यावर माणसं गुडघ्यांवर हात टेकून दम खात उभी होती. "थांबा, मागं घेऊन दावते," म्हणत रोहिणीनं बोट फिरवलं. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरलं आणि आजचा डेटा संपल्याचा मेसेज आला.

मुक्ताबाई फेटा घेऊन दारात गेली आणि झटकू लागली.

सोमनाथ सातवा आला. त्याला पंचेचाळीस सेकंद लागले. प्रविणचा फोन सेहेचाळीस सेकंद चालला होता.