आज काय सैपाक?

सकाळी माझ्या कुकरची शिट्टी व्हायच्या आत फोन वाजला, की तो कुणाचा हे आमच्या घरात कुणी बघायचंसुद्धा नाही. मुलगी आतूनच ओरडायची, "आई, तुझा सैपाक आला!" मी ओल्या हाताने फोन कानाला लावायची. पलीकडून नमस्कार नाही, कशा आहात नाही. एकच प्रश्न.

"टीचर, आज काय सैपाक?"

हे आमचे सेतुराम राव. चेन्नईच्या या टोकाला, आवडी नावाच्या उपनगरात, मी ज्या शाळेत हिंदी शिकवते तिथल्या ऑफिसचे मुख्य. नवऱ्याची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून मी साताऱ्याहून इकडे आले. रावांचे पूर्वज मात्र तंजावरला कधी आले ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांचं मराठी म्हणजे माझ्या पणजोबांनी लिहिलेलं पत्र कुणीतरी तमिळ चालीवर वाचून दाखवावं तसं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पुरिंजदा?" म्हणजे कळलं का? कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण मग ते पहिल्यापासून सांगत.

आता हा माणूस खादाड होता म्हणून विचारायचा, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण त्यामागे शाळेचं एक काम होतं, आणि ते काम इतकं निष्फळ होतं की आठवलं तरी अजून डोकं धरावंसं वाटतं.

कोरोनाची पहिली लाट ओसरली आणि मोठ्या वर्गांसाठी शाळा उघडली. उघडली ती नियमांसकट. कुणाला ताप, कुणाला खोकला, घरात कुणी आजारी तर मुलाला किती दिवस घरी ठेवायचं, सगळं इंग्रजीत, पानंच्या पानं. आठवडा झाला की नवीन नियम, जुने रद्द. आम्ही ते पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचो. खाली धडाधड उत्तरं यायची. जोडलेले हात. गुलाबाचं फूल. एका बापाने तर हात धुण्याच्या सूचनेखाली 'हॅपी बर्थडे' लिहिलं होतं. वाचत कुणी नव्हतं. मी प्रिन्सिपल मॅडमना म्हटलं, मॅडम, हे विहिरीत ओरडण्यासारखं आहे. त्या म्हणाल्या, "मग रावांना सांगू."

रावांनी ते काम अंगावर घेतलं. एकेका घराला फोन करून नियम वाचून दाखवायला लागले. आणि शेवटी विचारायचे, घरांत कुणास ताप? सगळे म्हणायचे, "इल्लै सार, इल्लै." नाही, नाही, कुणाला काही नाही. सगळी आवडी ठणठणीत! आणि तिकडे वर्गात पोरगं डोळे लाल करून खोकतंय. लोकांचंही काय चुकत होतं म्हणा. ताप आहे म्हटलं की दाराला पत्रा ठोकायला माणसं यायची, दूधवाला फिरकायचा नाही, आणि ओरगडमच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्याची हजेरी बुडायची. खरं बोलणं परवडतंय कुणाला?

राव मात्र हटून बसले. "टीचर, पोर शाळेंत येतें तें ताप घेऊन येतें, आणि दुसऱ्याच्या घरच्या म्हातारीला नेऊन देतें. बाकी कांहीही लपवा. ताप लपवूं नये. पुरिंजदा?"

मग त्यांनी ती युक्ती काढली. तापाचं नावच घ्यायचं नाही. फोन लावायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "इन्निक्कि एन्न समयल?" आज काय स्वयंपाक? बाईमाणूस तापाबद्दल खोटं बोलेल, पण स्वयंपाकाबद्दल खोटं बोलायचं तिला सुचतच नाही. ती सांगून मोकळी होते, "कंजी सार, आणि मिरीचं रसम." झालं! ज्या घरात तांदळाची पेज आणि मिरीचं रसम शिजलं, त्या घरात कुणीतरी पांघरूण घेऊन पडलंय. हा इकडचा रिवाज. रावांनी लगेच घसा खाकरायचा, "अम्मा, पोराला घरीं ठेवा." ती बाई चाट पडायची. हे कळलं कसं?

या युक्तीचा पहिला बळी आम्हीच ठरलो. शनिवारी त्यांचा फोन आला, मी सरळ सांगितलं, मुगाची खिचडी. शाळेत गेले तर माझ्या मुक्ताला, दहावीत होती ती, वॉचमनने फाटकातच अडवलेलं! मी तडक ऑफिसात.

"राव, हा काय प्रकार आहे?"

"घरांत कोणास ताप आहे, टीचर?"

"कुणालाही नाही! आमच्याकडे शनिवारी खिचडीच असते!"

त्यांनी माझ्याकडे फार कीव येऊन पाहिलं. "निरोगी माणूस खिचडी कसाला खाईल?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, तूप आहे त्यावर, पापड आहे, लोणचं आहे, आमच्याकडे आवडीने खातात! त्यांनी थर्मामीटर मागवला. मुक्ताचा ताप बघितला, मग माझा, मग जाता जाता वॉचमनचाही. कुणालाच ताप निघाला नाही तेव्हा नाइलाजाने म्हणाले, "सेरी, बरें. पण शनिवारीं दुसरें कांही करीत जा." मी कशाला करते? पुढच्या शनिवारी मुद्दाम खिचडीच केली.

त्यांच्या घरी मी एकदोनदा गेले होते. त्यांची बायको अंबुजाबाई म्हणजे नवऱ्याच्या अगदी उलट. हळू बोलायची, हसताना तोंडावर पदर घ्यायची. तिच्या हातचं आंबट वरण, आपण ज्याला सांबार म्हणतो ते, रावांच्या डब्यात रोज यायचं आणि त्याची तारीफ आम्हा सगळ्यांना ऐकावी लागायची. मुलं नाहीत. दोघंच. मी गमतीने म्हटलं, "बाई, तुम्हाला तरी विचारतात का, आज काय सैपाक?"

"मला कसाला विचारतील?" ती हसली. "जगाला विचारतात."

राव खुर्चीतून म्हणाले, "घरचें विचारावें लागत नाहीं. ताटांत दिसतें."

मग दुसरी लाट आली. त्या उन्हाळ्याबद्दल मला लिहायचं नाही. बारावीची प्रात्यक्षिकं चालू होती, ती संपली आणि शाळा बंद झाली, आणि त्याच आठवड्यात अंबुजाबाईंना दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्याच नाहीत, एवढंच. आम्हाला जाता आलं नाही. मी फोन केला. राव "होय" म्हणाले, परत "होय" म्हणाले, आणि फोन ठेवला. पुरिंजदा म्हणाले नाहीत.

पावसाळ्यात शाळा पुन्हा उघडली तेव्हा मॅडमनी त्यांना विचारलं, फोनचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का? तर म्हणाले, "नको." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"टीचर, आज काय सैपाक?"

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, माणूस सावरला. मी उत्साहाने सांगितलं, भरली वांगी, भाकरी. मग नवीनच प्रश्न.

"मीठ बरोबर आहे?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. प्रत्येक घराला तेच. काय स्वयंपाक, आणि मीठ बरोबर आहे? केलं कोणी? चाखून पाहिलं? दुसऱ्यास चाखवलें? पुरिंजदा? आवडीतल्या बायका भडकल्या. आजवर पेज आणि रसमपर्यंत ठीक होतं, आता हा परका बाप्या आमच्या हातच्या मिठाचा हिशेब मागणार? मॅडमकडे तक्रारी यायला लागल्या. एकीने लिहून दिलं की माझ्या सासूनेसुद्धा मला इतकं कधी विचारलं नाही.

शिवाय युक्ती आता फुटली होती. लोक शहाणे झाले होते. फोन आला की घरोघर बिर्याणी! ज्याच्या चुलीवर पेज रटरटतेय तोही सांगायचा, मटण बिर्याणी सार. एक गृहस्थ पुरट्टासी महिन्यात बिर्याणी म्हणाले. हा महिना म्हणजे इकडे आपल्या श्रावणासारखा, त्यांच्यासारख्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. राव म्हणाले, "सामी, पुरट्टासींत बिर्याणी? तुम्हांस ताप नव्हे, भ्रम झाला आहे. पोराला घरीं ठेवा." आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. राव हसले नाहीत. खुर्चीत बसून ते म्हणाले, "लपवतात हो, टीचर. सगळे लपवतात. प्रेमाचीं माणसें जास्त लपवतात."

मी ऐकलं आणि वह्या तपासायला गेले. तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांनाच माहीत आहे. नियम आले तसे गेले. एक दिवस मॅडमनी सांगितलं, आता फोन नकोत. नियमांचे फलक काढून ठेवले, ते अजून जिन्याखाली धूळ खात पडलेत. इतकं बोलून, इतकं विचारून, कुणाचं काय वाचलं? किती पोरांना रावांनी फाटकातून परत पाठवलं असेल आणि त्यामुळे कुणाची म्हातारी जगली असेल, हे कुणालाच कळायचं नाही. गेलेली माणसं तेवढी दिसतात. रावांनी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी शाल दिली, नारळ दिला, भाषणात मॅडम त्यांच्या बिर्याणीची गोष्ट सांगून हसल्या. राव शालीची घडी करत बसले होते.

परवा मी त्यांच्याकडे गेले. मुक्ताला शोळिंगनल्लूरला कंपनीत नोकरी लागली, तिचे पेढे द्यायला. भर दुपारी गेले. दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जेवून जायचें." नाही म्हणायची सोय नव्हती. स्वयंपाक त्यांनीच केला होता. ज्या माणसाला कधी दूध तापवता येत नव्हतं, त्याने भात, पापड आणि आंबट वरण केलं होतं. रंग हुबेहूब अंबुजाबाईंच्या वरणासारखा. वासही तोच. मी पहिला घास घेतला.

अहो, मीठ! घशाखाली उतरेना. दोनदा नाही, तीनदा पडलं असावं. मी समोर पाहिलं. राव शांतपणे भात कालवून खात होते, तोंड जरासुद्धा वाकडं न करता.

"राव," मी म्हटलं, "वरणात मीठ..."

"ज्यास्त आहे. ठाऊक आहे." त्यांनी दह्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तुम्हीं दही घ्या, टीचर. हें माझें रोजचें आहे."

"रोजचं?"

त्यांनी भातावर अजून वरण घेतलं. मग ताटाकडे बघतच म्हणाले, "त्या दिवशीं तिचें असेंच झालें होतें. पेज केली असती तर मला कळलें असतें, म्हणून सगळा सैपाक केला. अंगांत ताप घेऊन पापडसुद्धा तळला. घरांत ताप म्हटलें कीं मी शाळेंत गेलों नसतों, प्रात्यक्षिकें अडलीं असतीं. माझा नियम माझ्यापेक्षां तिला पाठ. पण जिभेला चव नव्हती तिच्या. मीठ घातलें तें तिला कळलें नाहीं, परत घातलें."

"राव..."

"मी काय म्हटलों, ठाऊक आहे? म्हटलों, एवढ्या वर्षांत मीठ कळत नाहीं तुला? ताट सारलें आणि उठलों. उपाशी शाळेंत गेलों आणि सगळ्या आवडीला फोन केले." त्यांनी एक घास घेतला, गिळला. "ती म्हणाली, उद्यां नीट करतें."

बाहेरून भाजीवाल्याची हाळी येत होती. कुणाच्या घरी काय शिजलंय हे ज्याला फोनवरून कळायचं, त्याच्या पुढ्यात ताट होतं, आणि त्यालाच ते कळलं नव्हतं. आणि आता तेच वरण तो रोज तसंच करतो, आणि ताटावर बसून संपवतो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"दही घ्या, टीचर," ते पुन्हा म्हणाले.

"नको," मी म्हटलं. "वरण वाढा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव उचलला आणि वाढलं. मी भात कालवला, आणि ताट संपेपर्यंत उठले नाही.