रिसबुडांचे लव-कुश

न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हटमध्ये शनिवारी सकाळी लोक लॉन कापतात. आमचे शेजारी सुधाकरराव रिसबूड त्या वेळी दोन्ही कानांत रबरी नळ्या खुपसून गाडीच्या मागे वाकलेले असायचे. डोळे मिटलेले, चेहरा समाधी लागल्यासारखा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, गृहस्थ गाडीची छाती तपासतोय.

फार चुकलो नव्हतो. गाडी म्हणजे त्यांच्याहून जेमतेम दहा वर्षांनी लहान असलेली पिवळी बीटल. इंजिन मागे, आणि ते थंड करायला पाणीबिणी नाही, नुसता वारा. हवा आणि पेट्रोल कालवून देणारा कार्बुरेटर तिला जन्मापासून एकच. सुधाकररावांनी तो काढून दोन बसवले. डावा लव, उजवा कुश. दोघांनी अगदी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन उचक्या देतं. ती मोजायचं यंत्र मिळतं, पण सुधाकररावांचा यंत्रावर विश्वास नाही. "यंत्र आकडा सांगतं रे, कान खरं सांगतो. तत्त्वतः." म्हणून लवची नळी डाव्या कानात, कुशची उजव्या कानात, आणि हातात स्क्रूड्रायव्हर.

'तत्त्वतः' हे त्यांचं पालुपद. पेशाने पुलांचे इंजिनिअर, त्यामुळे कशालाही सरळ हो म्हणणं त्यांना धोक्याचं वाटतं. चहा घेणार का विचारलं तर "तत्त्वतः हो", म्हणजे दुधाची चर्चा बाकी आहे. कुंपणापलीकडून त्यांच्या दुसऱ्या शेजाऱ्याने, ग्रॅहमने, "हाऊज शी गोइंग, मेट?" म्हणून गाडीची चौकशी केली की इथल्या बोलीत झकास अशा अर्थाचं उत्तर यायचं, "स्वीट अ‍ॅज! तत्त्वतः." ग्रॅहमला वाटतं, मराठीत आभार असेच मानतात. हल्ली तोही मला जाता-येता तत्त्वतः म्हणतो.

सहा महिने झाले तरी इंजिन काही ताळ्यावर येईना. सुधाकररावांच्या मते कुश कष्टाळू आणि लव पक्का आळशी. लव कमी ओढतो म्हणून त्याचा स्क्रू थोडा उघडायचा, मग अजून थोडा. इंजिन थडथडायचं, मधूनच लवंगी फटाका उडाल्यासारखं फुटायचं. त्यांनी लवचे जेट बदलले, गॅस्केट बदललं, शेवटी अख्खा लव बदलला. नवा लवही तसाच निघाला.

"एवढा खटाटोप कशाला?" मी एकदा विचारलं. "एकावर चालत होती की बरी."

"रिमुटाकाचा घाट चढायचाय."

"पलीकडे काय आहे?"

"काही नाही. नलूला न्यायचंय."

नलूताई त्यांच्या पत्नी. फार्मसीत काम करतात. मोजकं बोलतात, असा माझा समज.

"पुण्यात ही अखंड बोलायची रे," सुधाकरराव म्हणाले. "मी म्हणायचो, नलू, श्वास घे. इथं आलो, पोरगी डनीडनला शिकायला गेली आणि हिचं तोंडच मिटलं. रमत नाही ती. ही गाडी रस्त्यावर विकायला उभी होती ना, ती बघून हसली होती, म्हणून घेतली. पण घाटात निम्म्यावर दम टाकते. एकदा नीट वर नेतो. तरी नाही खुलली, तर राजीनामा देऊन पुण्याला परत. पत्र टाइप करून ठेवलंय."

या सगळ्यात एकदाही 'तत्त्वतः' आलं नाही, म्हणून मी घाबरलो.

पुढच्या शनिवारी त्यांनी नळ्या माझ्या हातात दिल्या. "जरा तू ऐक."

मी ऐकलं. लव वादळासारखा घोंघावत होता आणि कुश बिचारा कण्हत होता. "सुधाकरराव, डावाच जास्त ओढतोय!"

"सॉफ्टवेअरवाल्यांचे कान!" म्हणून त्यांनी नळ्या हिसकावल्या. त्या गडबडीत अदलाबदल झाली. डोळे मिटले आणि दचकून उघडले. "अरे, कुश मेला! हूं की चूं नाही!"

मी नळ्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी त्या बदलल्या. आता लव मेला. पुन्हा बदलल्या, पुन्हा कुश. चौथ्या खेपेला त्यांनी इंजिन बंद केलं. डाव्या कानाशी चुटकी वाजवली, मग उजव्या कानाशी. मग परत डाव्या.

"पुण्याला फोन लावतो तोही उजव्याच कानाला," ते हळूच म्हणाले. मला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा पाहून विरलं. "नलू गाडीत कुठं बसते?"

इथं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे नलूताई डावीकडे. सोफ्यावर डावीकडे. जेवतानाही डावीकडे. सप्तपदीनंतर भटजींनी डावीकडे बसवलं ते कायमचं.

इंजिनाचा आवाज थांबला म्हणून नलूताई चहा घेऊन बाहेर आल्या. सुधाकररावांनी विचारलं, "नलू, तू माझ्याशी बोलायचीस का गं? गाडीत, सोफ्यावर?"

नलूताईंनी ट्रे तिथंच लॉनवर ठेवला. "बोलायचे की. तुम्ही उत्तरच द्यायचा नाहीत. इथं यायचा हट्ट माझा होता. वाटलं, त्याचा राग धरलाय. मग कशाला बोला?"

"किती दिवस झाले?"

"दोन वर्षं होतील."

दोघंही एकमेकांच्या मनाला घाबरून दोन वर्षं एकाच सोफ्यावर गप्प बसली होती. मला फार वाईट वाटलं. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि माझ्या सॉफ्टवेअरवाल्या कानांनी लव-कुश जुळवून टाकले. तासाभरात इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं.

डॉक्टरांनी डावा कान जवळजवळ गेल्याचं सांगितलं. कानाचं यंत्र यायला अवकाश होता. सुधाकरराव थांबले नाहीत. रविवारी सकाळी नलूताई थर्मास घेऊन गाडीच्या डाव्या दाराशी उभ्या राहिल्या, तर यांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. आजवर त्या स्टिअरिंगला कुणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"तू चालव. मी डावीकडे बसतो."

"घाटात? अहो, मला भीती वाटते."

"वाटू दे. बोलत राहा म्हणजे झालं."

"काय बोलू?"

"दोन वर्षांचं राहिलंय ते."

गाडी निघाली. रस्त्याच्या टोकापर्यंत मला मागच्या काचेतून दिसत होतं. सुधाकरराव सीटवर पार कलून बायकोकडे उजवा कान करून बसले होते, आणि नलूताई एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसरा हात हवेत नाचवत बोलत सुटल्या होत्या.