मी काजू नाही!

एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगून टाकतो. मी पळालो. अर्धी मॅरेथॉन, पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत, स्वतःच्या पायांनी पळालो! माझ्या वयाचे आणि माझ्या पोटाचे किती जण असं म्हणू शकतील? त्यामुळे त्या दिवसाबद्दल गावभर जे काही बोललं जातंय, त्यावर विश्वास ठेवण्याआधी माझी बाजू ऐकून घ्या.

वर्षापूर्वी आमच्या सासरेबुवांच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला. तेव्हापासून त्यांना दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं. वॉर्डात यंत्रं दोनच. त्यातलं एक कायमचं बंद पडलं आणि सगळ्यांच्या पाळ्या उरलेल्या एकावर येऊन आदळल्या. सासरेबुवांच्या वाट्याला भल्या पहाटेची पाळी आली. अंधारात उठायचं, कुडकुडत जायचं, तासन् तास नळ्या लावून पडायचं आणि घरी आलं की दिवसभर मान टाकून बसायचं. एरवी पेपर उघडला की सगळ्या सरकारला फैलावर घेणारा माणूस, आता पेपरची घडीसुद्धा मोडेना. मला ते बघवत नव्हतं.

अशात शहरात समाजकार्यासाठी दौड जाहीर झाली. प्रत्येक कार्यासाठी एकानं पळायचं, त्या कार्याला शोभेल असं सोंग घ्यायचं, आणि शेवटी प्रेक्षकांनी आवडत्या सोंगाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, त्याच्या कार्याला हवी ती वस्तू मिळणार. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "नवीन यंत्र मागू या. आपल्याकडून कोण पळतंय?"

सगळे नातेवाईक आपापल्या चपलांकडे बघू लागले.

"मी!" मी म्हणालो. "मी एकदा मनावर घेतलं ना, की संपलं!"

सासरेबुवांनी पडल्या पडल्या एक डोळा उघडला. "जावईबापू, परवा तुम्ही आमच्या जिन्यात बसला होतात."

"दम नव्हता लागला, बाबा. बुटाची नाडी बांधत होतो."

"पायात चपला होत्या तुमच्या."

आजारी माणसाशी वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसलो.

सोंगाचा प्रश्नच नव्हता. डायलिसिसचं यंत्र मागायचं म्हणजे किडनीच व्हायला हवं! बायकोचा सोफ्यांची कव्हरं शिवायचा कारखाना आहे, म्हणजे आमचा हॉल. तिनं सोफ्याच्या जुन्या हाताचा फोम कापून गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची अशी झकास किडनी केली, की सिस्टरसुद्धा म्हणाल्या, आकार अगदी बरोबर. पण बायकोच्या कारखान्याचा एक कडक नियम आहे. घरचं काही शिवायचं तर उरलेल्या कापडातूनच.

"मरून वेल्व्हेट आहे ना ते?" मी म्हणालो.

"त्याचा रंग जातो. घाम आला की लाल ओघळ येतील आणि लोक तुम्हाला उचलून दवाखान्यात टाकतील. हे क्रीम कलरचं घ्या. धुवायलाही सोपं."

"क्रीम कलरची किडनी कुठे असते का?"

"आत कोण बघायला गेलंय?"

छातीवर ठळक अक्षरांत 'किडनी' लिहू या म्हटलं, तर समितीचा नियम आडवा आला. जाहिरातबाजी नको म्हणून कपड्यांवर एक अक्षरही चालणार नव्हतं! धन्य ती समिती.

दौडीच्या दिवशी मी झोकात निघालो. पहिलंच वळण घेतो न घेतो, तोच वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "अगं, लवकर बाहेर ये! काजू चाललाय!"

मी मागे वळून पाहिलं. म्हटलं, कोण बिचारा काजू होऊन आलाय? मागे कोणी नव्हतं.

पुढच्या कोपऱ्यावर ट्रॅफिक हवालदार म्हणाला, "काजू, डावीकडून!" पाणीवाल्यांच्या टेबलापाशी एक जण खिदळत म्हणाला, "काजूला पाणी द्या रे, चांगला भिजू द्या!" माझं डोकंच फिरलं. मी थांबून त्याला समजावून सांगितलं. हा बघा वरचा भाग, इथून रक्त आत जातं, इथून बाहेर येतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खवट कुठून होतो?"

नेत्रदान शिबिरासाठी पळणारा एक इसम भलामोठा चष्मा होऊन चालला होता. तो मला गाठून आपुलकीनं म्हणाला, "काजूसाहेब, जपून, पुढे चढ आहे." चष्म्यालासुद्धा मी काजू दिसलो! मला पळण्यानं दम लागलाच नाही हो, लागला तो खुलासे करून करून.

मोठ्या चौकात तर कहर झाला. तिथे एका सुकामेवावाल्या शेटजींचं दुकान आहे. शेटजी दारात माइक घेऊन उभेच होते. मला बघताच त्यांनी धावत येऊन मिठी मारली. "या या या! बघा मंडळी, साक्षात काजू आपल्या दुकानावर आला!"

माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते की नाही? मी त्यांच्या हातातला माइक हिसकावला. "नीट ऐका सगळ्यांनी! मी काजू नाही! काजू नव्हतो, नाही आणि मरेपर्यंत होणार नाही! मी मूत्रपिंड आहे, मूत्रपिंड!"

मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हा खारा दिसतोय."

हसण्याचा तो आवाज पुढचे दोन चौक माझ्या कानात होता.

शेवटची रेघ दिसू लागली तेव्हा पायांत गोळे आले होते. कडेला घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून सासरेबुवा बसले होते, शेजारी बायको. म्हटलं, चला, निदान घरची माणसं तरी ओळखतील! तेवढ्यात सासरेबुवांनी दोन्ही हात वर केले. "शाब्बास काजू! पळ काजू!"

मी जागच्या जागी थांबलो. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

"थांबू नका हो! मागून टूथब्रश येतोय!"

दातांच्या दवाखान्यासाठी पळणारा टूथब्रश खरोखरच माझ्या पुढून निघून गेला. मी त्याच्या मागोमाग रेघ ओलांडली, स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतःच लिहून पेटीत टाकली आणि फुटपाथवर आडवा झालो.

निकाल सांगायला समितीच्या अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या आवाजानं आडवे धावक उठून बसले. "सर्वांत जास्त चिठ्ठ्या," बाई म्हणाल्या, "इतर सगळ्यांच्या मिळून होणार नाहीत इतक्या, पडल्या आहेत काजूला. परंतु काजू नावाचं कोणतंही कार्य समितीकडे नोंदवलेलं नाही. सबब ही मतं बाद."

मी लंगडत मंचावर चढलो. "बाई, तो मीच!"

"आपण कोण?"

"किडनी."

"किडनीला एक मत आहे."

ते कोणाचं, हे मला माहीत होतं. मी बायकोकडे बघितलं. "सगळे काजूच लिहीत होते," ती म्हणाली. "म्हटलं, आपलं मत फुकट जायला नको."

"अहो बाई, काजू म्हणजेच मी! लोकांनी मलाच मतं दिली आहेत!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मघाशी मी त्या चौकात उभी होते. मी काजू नाही, नव्हतो आणि मरेपर्यंत होणार नाही, असं आपणच माइकवरून जाहीर केलंत. एक काय ते ठरवा. नाहीतर मी टूथब्रशला बोलावते."

टूथब्रश पायऱ्यांपाशी येऊन थांबलाही होता. कसला निर्लज्ज माणूस!

मी काही बोलणार, तेवढ्यात खालून आवाज आला. "ही समिती आहे की पोरखेळ? एवढा पळाला माणूस, दिसत नाही तुम्हाला? कोणी बसवलं तुम्हाला तिथे?" सासरेबुवा! शाल खाली पडली होती, मान ताठ होती, आणि ते समितीला फैलावर घेत होते. वर्षभरात तो आवाज मी ऐकला नव्हता. उद्या पहाटे हाच माणूस पुन्हा अंधारात कुडकुडत जाणार होता.

"अहो," बायको खालून म्हणाली, "म्हणून टाका."

मी माइक घेतला. "मी... काजू आहे."

"मोठ्यांदा," बाई म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मी काजू आहे! पहिल्यापासून काजूच होतो!"

टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो मला मुळीच आवडला नाही. सुकामेवावाले शेटजी तर डोळे पुसत होते.

घरी जाताना मी रिक्षात घुम्यासारखा बसलो होतो. फोम मांडीवर मावत नव्हता. शेवटी न राहवून म्हणालो, "बाबा, बाकीच्यांचं सोडा. तुम्हाला तर माहीत होतं मी कोण झालोय ते."

"माहीत होतं हो." ते बाहेर बघत म्हणाले. "पण किडनीचं तोंड मी दिवसाआड बघतो, जावईबापू. डॉक्टरांनी काजू बंद केल्याला वर्ष झालं. इतक्या दिवसांनी एक दिसला, तोही माझ्यासाठी घाम गाळत धावत आलेला. त्याला काय मी किडनी म्हणून हाक मारू?"

मी मांडीवरचा फोम थोडा त्यांच्या बाजूला सरकवला.

यंत्र आलं. आता सासरेबुवांची पाळी उन्हं वर आल्यावर असते. ते पेपर घेऊन जातात आणि नळ्या लागल्या की सरकारचा समाचार घ्यायला सुरुवात करतात. नव्या यंत्राला वॉर्डात काय म्हणतात, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

परवा मी त्यांना आणायला गेलो, तर शेजारच्या नव्या पेशंटनं विचारलं, "हे कोण?"

सासरेबुवा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आमचे जावई. काजू."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता.

"नमस्कार," मी म्हणालो.